फयोमच्या खुब्यांवर आलेलं गोडं पाणी

भारतातली नव्हे, दूर पूर्वेकडची आमची तापी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे पाण्यात रोवलेल्या खांबांवर आमची खोपटं आहेत. खाली चिखलात ज्याचं त्याचं खुब्यांचं शेत. जाड पांढऱ्या शिंपल्यातले हे खुबे उघडले की आत माणसासारखं लाल रक्त दिसतं. फयोम माझी शेजारीण. लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला पोहताही येत नव्हतं. पुढे तीच नवऱ्याला, चरूनला, भरती-ओहोटी समजावून सांगायला लागली. तोंडाने फटकळ, पण कुणाची होडी अडकली की पहिली उडी तिची.

त्या वर्षी आमच्यावर नुसते ढग होते, पाऊस कोसळत होता तो वर डोंगरात. एका सकाळी फयोमने खोपटातूनच बादली खाली सोडली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

"चरून, समुद्राच्या पाण्यात आज भात शिजवता येईल."

तो हसला नाही. दुपारपर्यंत पाणी चहासारखं झालं. केळीचे खुंट वाहत आले, मग एक फुगलेलं डुक्कर आलं आणि आमच्या खांबांना धडकत धडकत पुढे गेलं. खाली खुबे शिंपले घट्ट मिटून बसले.

"किती दिवस तोंड मिटून राहतील रे?" फयोमने विचारलं.

"मला काय विचारतेस? आपल्या घरात तो अनुभव कुणालाच नाही," चरून म्हणाला.

आठवड्यानंतर पूर ओसरला. पाणी पुन्हा खारट झालं. चरूनने चिखलातून ओंजळभर खुबे काढले, बोट लावलं की टपकन मिटत होते. सगळ्या खोपटांतून आरोळ्या उठल्या. संध्याकाळी चरूनने मासे भाजले, दारू आणली.

दुसऱ्या दिवशी फयोमची भाची वरांग होडीने आली. ती मत्स्यशाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होती. पूर चालू असताना तिने आमचे थोडे खुबे तपासायला नेले होते. पुढ्यात ठेवलेल्या ताटाला तिने हात लावला नाही.

"मावशी, खुबे जिवंत आहेत. पण आतून उघडे पडलेत."

"म्हणजे काय गं?"

"श्वास घ्यायला त्यांना कधीतरी शिंपला उघडावाच लागला. गोडं पाणी आत शिरलं. अंगातली एकेक पेशी फुगली. फुटू नये म्हणून पेशी आपल्या आवरणातली बारीक दारं उघडते, आतले क्षार बाहेर सोडते. त्यांच्यामागे पाणी जातं, फुगवटा उतरतो."

"मग वाचले की!"

"त्याच दारांतून ग्लुटाथायोनही निघून गेलं. ते अँटिऑक्सिडंट आहे, ऊन आणि कोंडमारा झाला की शरीर आतून जळतं, त्यापासून तेच राखतं. मी नेलेल्या खुब्यांच्या पेशींत ते जवळजवळ उरलंच नव्हतं, बाहेरच्या पाण्यात होतं. ते पुन्हा भरायला वेळ लागतो. आणि आता भरदुपारच्या मोठ्या ओहोट्या येतायत."

चरूनने ग्लास आदळला. "पोरी, एवढं शिकलीस ते घरात बसून अभद्र बोलायला?"

"त्यांना खोल पाण्यात हलवा, काका. हलवताना काही मरतील. इथे राहिले तर किती राहतील ते सांगता येत नाही."

"हात लावू देणार नाही मी!"

फयोमने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. मग ती म्हणाली, "अर्धं शेत माझ्या घामाचं आहे. माझं मी हलवते."

तिने आणि मी जाळीच्या पंज्याने खुबे ओढले, होडीत भरले, ओहोटीलाही न आटणाऱ्या खोल नाळेत सोडले. चरून खोपटाच्या कठड्यावर बसून बघत होता. मदतीला आला नाही, शिवीही दिली नाही.

मग ऊन पडलं. वारा मेला. भरदुपारी पाणी लांब हटलं आणि चिखल तव्यासारखा तापला. पहिल्या दिवशी काही झालं नाही. चरून ओरडून म्हणाला, "बघ, खडखडीत आहेत!" तिसऱ्या ओहोटीला खुबे स्वतःहून चिखलाच्या वर यायला लागले. बोट लावलं तरी मिटेनात. रोज टिपायला येणारे बगळेही त्या बाजूला उतरले नाहीत. संध्याकाळपर्यंत अख्ख्या खाडीतले खुबे आ वासून पडले होते, आमचेही, सगळ्यांचेच. वासाने कुणाला घास गिळवेना.

चरून गुडघाभर चिखलात उभा होता. फयोम खाली उतरून त्याच्यापाशी गेली.

"चल वर."

"तुझे जगले का?"

"निम्मे गेले."

"म्हणजे निम्मे जगले," तो म्हणाला, आणि मोठ्याने रडला.

पुढच्या भरतीला तो भावाच्या रबराच्या बागेत कामाला गेला, तो परतलाच नाही. फयोमने वाचलेल्या खुब्यांवर पुन्हा शेत उभं केलं. एकटीच राहते. अधूनमधून चरूनचा फोन येतो. ती विचारते, "जेवलास का?" तो विचारतो, "वास गेला का गं?"

"कधीच गेला," ती सांगते, आणि हाताने नाक दाबून धरते.