चिनी म्हाताऱ्याचा सल्ला

भूकंपानंतर परदेशातून आलेल्या मदतीच्या ढिगातून आमच्या वाट्याला एक चिनी चित्र आलं. घरं पडलेल्या माणसांना चित्र पाठवायचं कुणाच्या डोक्यात आलं, देव जाणे. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. टांगायला भिंत कुठं होती?

पुढं बाबांनी लातूरला घर बांधलं आणि हॉलमध्येच बारावीचे क्लास काढले. फळ्याच्या वर ते चित्र लावलं. झाडाला टेकलेला, डोळे मिटलेला म्हातारा आणि शेजारी काळ्या अक्षरांची उभी ओळ. पहाटेच्या बॅचला पोरं पेंगायला लागली की बाबा छडीनं ती ओळ दाखवायचे. ‘बघा, चिनी माणूस काय सांगून राहिला: झोप सोडा, यश जोडा!’ पोरं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहायची. परीक्षा जवळ आली की पालक येऊन त्या अक्षरांना हळदकुंकू लावायचे.

माझा आतेभाऊ याच क्लासचा. इथं मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून चीनला गेला आणि डॉक्टर होऊन पेढे घेऊन आला. भर क्लासमध्ये त्यानं रुमालानं कुंकू पुसलं, ओळ वाचली आणि हसत सुटला.

‘मामा, ह्यात लिहिलंय, झाडाखाली मस्त झोप लागली, उठल्यावर हे चित्र काढलं.’

पहिल्या बाकावरच्या मुलीनं घाबरत विचारलं, ‘सर, मग पहिल्या पानावरचं खोडायचं का?’

‘खबरदार!’ बाबा ओरडले. ‘त्याच्यावरच तर आपला रिझल्ट लागून राहिला!’