बापूची तपकिरीची डबी

बापू गेल्याची तार मला साताऱ्याच्या वाचनालयात मिळाली. तेव्हा मी नव्या पुस्तकांवर क्रमांक घालत होतो. हातातलं पुस्तक पुरं केलं, शाई वाळू दिली आणि मग रजेचा अर्ज लिहिला... असं का केलं, ते सहा आठवड्यांनंतरही मला सांगता येत नाही.

बापू आणि मी सांगलीत एका बाकावर शिकलो. मी पुस्तकांकडे वळलो, तो हरिपूरच्या पेवांकडे. हळद साठवायची ती जमिनीखालची खोल कोठारं; तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, आत मात्र खोलीएवढी जागा. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या पेवातली हवा जीव घेते. म्हणून तोंड उघडून आधी बराच वेळ थांबायचं, मग कंदील खाली सोडायचा, तो जळत राहिला तर माणसानं उतरायचं. तरीही आत जरा गरगरलं की कमरेचा दोर हलवायचा; वरचा माणूस काही न विचारता ओढून घेतो. गरगरणं ही तिथली शेवटची सूचना.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात पोती उतरवताना बापूचा पाय निसटला आणि डोकं पेवाच्या दगडी काठावर आदळलं. जखम आठवड्यात भरली. दुखणं मात्र राहिलं ते राहिलंच. ऊन सोसेना, रिक्षाचा भोंगा सोसेना, खाली वाकलं की गरगरे. माझ्याकडे साताऱ्याला आला तेव्हा डॉक्टरांनी त्याला अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगितलं आणि थोड्या दिवसांपुरत्या गोळ्या दिल्या. "गोळीनं दुखणं झाकतं, मार बरा होत नाही. रोज घ्याल तर गोळीपायीच डोकं दुखेल," ते म्हणाले. बापूनं मान डोलावली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला म्हणाला, "डागदर शाना हाय. पर त्येला कुठं पेवात उतरायचंय?"

विश्रांती त्यानं पाच दिवस घेतली. गोळ्या चार वर्षं. सांगलीत विकत घेतल्या असत्या तर हळदीच्या बाजारात कळलं असतं, आणि गरगरणाऱ्या माणसाला मुकादमानं पेवात उतरू दिलं नसतं. दुसरं काम त्याला मिळालं असतं. त्याला ते नको होतं. म्हणून महिन्यातून एकदा मीच गोळ्या घेऊन जात असे, तपकिरीच्या रिकाम्या डबीत. ब्लेडनं तो गोळीचे दोन तुकडे करी. उतरण्याआधी अर्धी, वर आल्यावर अर्धी. पहिल्या अर्धीनं आपलं डोकं गप्प बसतं, मग आत गरगरलं तर ते पेवाचं, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलंही होतं. गोळीनं दुखणं थांबतं, पण गरगरणं थांबतं का, एवढं मी विचारायला हवं होतं. शिकलेला मी होतो.

त्याचा जोडीदार नामदेव दोर धरून वर बसे. या गोळ्या बापूखेरीज त्याला आणि मलाच ठाऊक. मी एकदा तिथे होतो तेव्हा त्यानं हाक मारली, "बापू, डोकं कसं हाय रं?"

"फिरतंय, पर माझंच हाय गड्या, पेवाचं न्हाई. तू तंबाखू मळ!" खालून आवाज आला. रोजचंच होतं ते. बापूच्याच हिशेबानं गोळीनंतरचं गरगरणं पेवाचं ठरायला हवं होतं; तरी दोघंही हसले, मीही हसलो.

बापू गेला त्या दिवशीही कंदील विझला नव्हता. नामदेवनं हाक मारली आणि खालून तेच उत्तर आलं. "आवाज जरा जड वाटला, पर मी हसलोच," तो माझ्याकडे न बघता सांगत होता. "म्हनला, बसतो वाईच, गोळी लागू हुं दे..." दोर हलला नाही. नामदेवनं आपणहून ओढला तेव्हा उशीर झाला होता.

दहाव्याला त्यानं डबी माझ्या हातात ठेवली. ती आता वाचनालयात माझ्या टेबलावर, शाईच्या दौतीशेजारी असते. झाकणाच्या खाचेत हळद बसली आहे, पुसली तरी जात नाही. आत अर्धी गोळी आहे, वर आल्यावर घ्यायची.