टोपीखालचे ऊन

मीरा-भाईंदरच्या बंधुभगिनींनो, ज्यांच्या घरात कर्करोग येऊन गेला किंवा आज मुक्कामाला आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. तुमची तक्रार मला पाठ आहे. रिपोर्ट यायचा असतो आणि सोसायटीच्या जिन्यात निकाल लागलेला असतो: "काहीतरी खात-ओढत असणार!" आजार सोसायचा आणि वर आरोपीसारखी मान खाली घालायची. तक्रार खरी आहे. असा निकाल देणाऱ्यांत सर्वांत मोठा आवाज माझा होता, आणि तसाच निकाल मी माझ्या सख्ख्या भावाला दिला. डॉ. मालती केळुसकर यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसले, तरी त्याचा धक्का अजून अंगातून गेलेला नाही.

प्रयोगशाळेत सगळे त्यांना 'बाई' म्हणतात. भाईंदर पश्चिमेच्या बाजारात, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्या बसतात. शरीरातून काढलेल्या गाठींचे पातळ काप काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली रोग ओळखणे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. आमची ओळख भांडणाने झाली. मी तेव्हा व्यसनमुक्तीच्या सभा गाजवत होते. तडक आत शिरले आणि म्हणाले, "तंबाखूने सडलेल्या जबड्यांचे नमुने द्या. बरण्यांत मांडते. लोक टरकले पाहिजेत."

बाईंनी मान वर केली नाही. "मिळणार नाहीत. बरणीतला माणूस कोणाचा तरी कोणीतरी असतो. आणि तो तंबाखूनेच गेला, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आणखी कशाने जाणार?"

"तेच शोधायला मी इथे बसते. तुम्ही भाषणं करा."

मी पाय आपटत जिना उतरले. आठवड्याने त्यांचा निरोप आला: बरण्या नाहीत, मी येते. आल्या, आणि कोळीवाड्यातल्या सभेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बॅटरीच्या उजेडात एकेकाचे तोंड तपासू लागल्या. एक आजी हटून बसली. "मशेरी न्हाय सोडनार हां, आदीच सांगते!"

"नका सोडू. आधी तोंड तर उघडा," बाई म्हणाल्या. आजी खुदकन हसली आणि हसताना तोंड उघडलेच. माझ्या तासाभराच्या भाषणाने जे झाले नसते ते तिथे घडले. मी मात्र त्यातून काही शिकले नाही.

माझा दादा भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक वस्तीत राहतो. जन्मापासून त्याच्या कातडीत रंगच नाही. केस, भुवया, पापण्या पांढऱ्या. त्याने उमेदीची सारी वर्षे मिठागरावर देखरेखीत घालवली. त्याच्या डाव्या कानापुढे गाठ आली. तिथे लाळ तयार करणारी ग्रंथी असते. सुईने तपासल्यावर कर्करोग निघाला. त्याच दिवशी मला त्याच्या खिशात काडेपेटी सापडली.

"दादा, विडी ओढतोस ना? खरं सांग."

"अगं, मिठागरावर चहाची चूल मीच पेटवायचो. सवयीने राहते खिशात."

"खोटं बोलू नकोस! माझं तोंड काळं केलंस तू."

"तुझं?" दादा म्हणाला. "गाठ मला आलीय गं."

वहिनी रडू लागली. मी काडेपेटी उचलून घेऊन आले. तेवढ्यावर थांबले नाही. पुढच्या सभेत व्यासपीठावरून म्हणाले, "माझ्या घरातच बघा!" टाळ्या पडल्या. दादापर्यंत त्या पोचल्या. त्याने सोसायटीच्या आवारात उतरणे बंद केले.

त्याच्या गाठीची काच बाईंकडे आली. शंका असली की माणूस पाहिल्याशिवाय सही करायची नाही, ही बाईंची रीत. "काच तिच्यापुरतं सांगते. बाकीचं माणूस सांगतो," असे त्या म्हणतात. त्यांनी दादाला बोलावले. वहिनी आणि मीही बरोबर गेलो. बाईंचा पहिला शब्द: "टोपी काढा."

वहिनी म्हणाली, "ते घरातसुद्धा काढत नाहीत हो."

डाव्या कानशिलावर जुना व्रण होता. त्याची एक कड खरखरीत, लालसर.

"हे काय?"

"चामखीळ होती. मागे एका दवाखान्यात कापून टाकली. तेव्हापासून टोपी घालतो."

"तुकडा तपासायला कुठे पाठवला?"

"कुठे पाठवणार, बाई? टाकून दिला त्यांनी."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "टाकून दिला!"

रोग ग्रंथीत जन्मला असेल तर ग्रंथीवरचे उपचार पुरे होते. कातडीतून आला असेल, तर त्याचे मूळ अजून कानशिलावर शिल्लक होते आणि पुन्हा गाठी पाठवणार होते. दादाचा जीव या एका उत्तरावर होता. बाईंनी गाठीचा आणि व्रणाच्या कडेचा, असे दोन्ही तुकडे जनुकांच्या तपासणीसाठी मोठ्या प्रयोगशाळेत धाडले. ही विद्या त्या सत्तरी ओलांडल्यावर शिकल्या. आपल्याच विद्यार्थिनीसमोर वही घेऊन बसत. "आज तू बाई, मी मुलगी," म्हणत.

अहवाल आला तेव्हा त्यांनी मला समोर बसवले. "पेशींच्या जनुकांत चुका साठत जातात. कशाने झाल्या, त्याप्रमाणे त्यांची ठेवण बदलते. विडीच्या धुराची ठेवण वेगळी, उन्हाची वेगळी. तुमच्या दादांच्या गाठीत उन्हाच्या चुका भरून आहेत."

"गाठ तर आत आहे. आत ऊन कसं पोचेल?"

"पोचत नाही. म्हणूनच ती तिथली नाही. व्रणाच्या कडेच्या तुकड्यातही त्याच चुका, त्याच जागी. रोग कातडीत सुरू झाला आणि ग्रंथीत जाऊन बसला."

"आणि धूर?"

"त्याची खूण दिसत नाही." मग माझ्याकडे रोखून पाहत त्या म्हणाल्या, "म्हणून विडी चांगली, असं भाषणात सांगू नका हं."

मला हसू आले नाही. कातडीत ऊन अडवणारा रंग नसताना मिठाच्या पांढऱ्या आगरांवर वर्षानुवर्षे उन्हात उभा राहिलेला माणूस, आणि मी त्याच्या खिशात गुन्हा शोधत होते! माझा सगळा आवेश, सगळे वाचन एका काडेपेटीपुढे आंधळे ठरले.

दोन्ही जागी शस्त्रक्रिया झाली. दादाचा ओठ एका बाजूला थोडा उतरला आहे, पण दादा आहे. ज्या व्यासपीठावरून आरोप केला, तिथेच त्याला शेजारी बसवून मी माफी मागितली. पहिल्या रांगेत बाई होत्या. दादाने माईक हातात घेतला आणि एवढेच म्हणाला, "माफ केलं. आता माझी काडेपेटी दे."

बाई, तुमची नजर अशीच तीक्ष्ण राहो, गुडघे कुरकुर न करता तो जिना चढत राहोत, आणि आणखी पुष्कळ वर्षे तुम्ही आमच्यासारख्यांना खोटे ठरवत राहा. तुम्ही भेटवस्तू घेत नाही, हे ठाऊक आहे. म्हणून तुमच्या वतीने वाचकांकडे मागते.

मीरा-भाईंदरकरांनो, घरातल्या कोणाच्याही अंगावरची चामखीळ, मस, गाठ कापली जाईल, तेव्हा ती मोहरीएवढी असली तरी, डॉक्टरांना विचारा, "हा तुकडा तपासायला कुठे पाठवताय?" उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.