पिवळ्या बसचं डिझेल कोण पीत होतं?

अन्याय झाला तो नामदेव बावणे या बस-ड्रायव्हरवर. कधी? गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळच्या शिफ्टचा भोंगा व्हायच्या जरा आधी. कुठे? हिंगण्याला आमच्या कारखान्याच्या गेटवर, येणारी शिफ्ट आणि जाणारी शिफ्ट दोन्ही उभ्या असताना. (तान्ह्या पोळ्याच्या सणाला कामावर का बोलावलं, ही वेगळी तक्रार आहे. तिचं पत्रक वेगळं काढलं आहे.)

आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसरनी नामदेवभाऊंच्या हातातून किल्ली काढून घेतली. या ऑफिसरना सगळे टीओ म्हणतात. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "डिझेल विकतोस तू. कधीपासून विकतोस ते सांग."

नामदेवभाऊ आपल्या रिकाम्या हाताकडे पाहत राहिले.

"बोल की!"

"मी नाई विकलं, सायेब."

"मग जातं कुठे? बस पिते?"

गेटवर हशा पिकला. हसणाऱ्यांत कामगारही होते. हे मुद्दाम लिहितो, कारण पत्रकात आम्ही असलं लिहीत नाही.

मी त्याच कारखान्याच्या गॅरेजमध्ये सुपरवायझर आहे. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला आहे. उरलेल्या वेळात युनियनची पत्रकं लिहितो, सायक्लोस्टाईल करतो आणि वाटतो. टीओ मला 'क्रांतिकारक' म्हणतात. हा शब्द ते 'मूळव्याध' म्हणावं तसा उच्चारतात.

भानगड अशी होती. डिझेलचे भाव चढले होते. टीओंनी सर्क्युलर काढलं: डिझेल बचत मोहीम. बस कुठेही थांबली की इंजिन बंद करावं. ज्या बसचं ॲव्हरेज सर्वांत चांगलं, तिच्या ड्रायव्हरला प्रमाणपत्र. ज्या बसचं सर्वांत वाईट, तिच्या ड्रायव्हरची चौकशी. ॲव्हरेज म्हणजे एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते तो हिशोब. कंपनीच्या बस दोनच, एक निळी आणि एक पिवळी. दोन बसमध्ये एक पहिली येणार आणि एक शेवटची येणार, हे समजायला डिप्लोमा लागत नाही. निळी साहेब लोकांच्या कॉलनीतून येते. पिवळी गांधीबागेतून निघून सगळं गाव गोळा करत येते. ती शेवटची आली. आणि नुसती शेवटची नाही, फारच खाली आली.

किल्ली काढून घेतली तिथेच मी मध्ये पडलो. "साहेब, गाडी तपासल्याशिवाय चोर कसं म्हणता?"

"तपास. आठ दिवस देतो. तोवर किल्ली तुझ्याकडे, रोज तू देशील तेव्हाच तो गाडी काढेल. ॲव्हरेज आलं नाही, तर पोलीस."

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ड्रायव्हरवर डिझेलचोरीचा शिक्का बसला की नागपुरात त्याला कोणी स्टिअरिंगला हात लावू देत नाही. ट्रकवाले नाहीत, टॅक्सीवाले नाहीत, शाळेच्या बसवालेही नाहीत. आणि नामदेवभाऊंना दुसरं काही येत नाही. त्यांनीच मला सांगितलं, "मले तं सायकलबी नीट चालवता येत नाई गा."

गॅरेजमध्ये गाडी घेतली. आधी गळती पाहिली. टाकी कोरडी, पाइप कोरडे. मग टायरमधली हवा. हवा कमी असली की गाडी चिखलात चालल्यासारखी चालते आणि डिझेल जास्त खाते. हवा भरली. चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवली. मागचं एक चाक जड फिरत होतं. ब्रेक धरत होता, म्हणजे पाय काढला तरी पूर्ण सुटत नव्हता. तो सोडवला. एअर फिल्टरमधून एवढी माती निघाली की तुळस लावता आली असती. नोझल, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणाऱ्या तोट्या, काढून टेस्ट केल्या. चांगल्या होत्या.

ॲव्हरेज वाढलं. केसभर.

टीओ म्हणाले, "पाहिलं? गाडी ठीक आहे. म्हणजे माणूस खराब आहे."

त्या दिवशी मला नामदेवभाऊंचा राग आला, टीओंचा आला तेवढाच. हा माणूस बोलतच नव्हता. "भाऊ, काही असेल तर सांगा," म्हटलं की म्हणायचे, "काय सांगू? तूबी म्हण चोर. सस्तं झालं हाय."

मग मी एक साधी गोष्ट केली, जी आधीच करायला हवी होती. पहाटे बसमध्ये त्यांच्या शेजारी, इंजिनावरच्या बोनेटवर जाऊन बसलो.

गॅरेजमधून गाडी निघाली ती धक्क्यावर. हे मला ठाऊक होतं. पिवळीची बॅटरी मेलेली होती. प्लेटा झडल्या होत्या, चार्ज धरत नव्हती. म्हणून सेल्फ लागत नव्हता. सेल्फ म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिला गरका देणारी मोटर. नवीन बॅटरीची मागणी मी टीओंकडे दोनदा केली होती. ते म्हणाले होते, "धक्क्यावर होते ना सुरू? मग?" धक्क्यावर म्हणजे दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबून धरायचा, चार माणसांनी ढकलायचं आणि वेग आला की क्लच सोडायचा. चाकं इंजिनाला फिरवतात. डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की त्याला बॅटरीची गरज नसते. बंद करेपर्यंत चालत राहतं.

बंद करेपर्यंत. इथेच सगळी गोम होती.

गांधीबागेत दुकानं उघडायची होती. बस थांबली, माणसं चढायला लागली, इंजिन सुरूच. बडकस चौकात थांबली, इंजिन सुरू. पुढे महालात एका गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि थांबूनच राहिली. घर्र घर्र घर्र.

"कोणासाठी थांबलो?"

"अकाउंटचे खेडकर बाबू. पूजा चालू असन."

खेडकर बाबूंची पूजा कंपनीच्या डिझेलवर चालते, हे मला त्या दिवशी कळलं. आणि देव एक नाही, बरेच असावेत.

"भाऊ, इंजिन बंद करा."

"काहून?"

"सर्क्युलर आहे."

"बंद केली तं चालू कोन करन? तुहं सर्क्युलर?"

"मागे एवढी माणसं बसली आहेत. धक्का मारतील."

नामदेवभाऊ पहिल्यांदा हसले. "इचार त्याईले."

मी विचारलं. फाउंड्रीतला शंकर, जो एकटा बस ढकलू शकेल असा गडी आहे, पाय लांब करून म्हणाला, "आमी नाई मारत धक्का."

"काहून?"

"थे पुढच्या सीटाईले इचार."

पुढच्या तीन ओळी स्टाफच्या. तसं कुठे लिहिलेलं नाही. पण फाउंड्रीचा माणूस तिथे बसत नाही आणि स्टाफचा माणूस मागे बसत नाही, गाडी रिकामी असली तरी. पावसाळ्यात एकदा बस बंद पडली होती. कामगार उतरून चिखलात ढकलत होते. स्टाफ आत बसून होता. ते वजनही हेच ढकलत होते. आणि खेडकर बाबूंनी खिडकीतून मान काढून सांगितलं होतं, "जोर लावा रे! पगार घेता ना?"

त्या दिवसापासून मागच्यांनी ठरवलं: आधी पुढचे उतरतील, मग आम्ही. पुढच्यांनी काही ठरवलं नव्हतं. ते उतरत नव्हतेच.

म्हणून नामदेवभाऊ इंजिन बंद करत नव्हते. बाबूंच्या पूजेला सुरू. बर्डीच्या स्टॉपवर सुरू. गेटवर सुटणाऱ्या शिफ्टची झडती होते, एकेकाचा डबा उघडून पाहतात, तोवर सुरू. सकाळी सुरू झालेलं इंजिन गॅरेजमध्ये परत येईपर्यंत थंड होत नव्हतं. उभ्या गाडीचं ॲव्हरेज किती? शून्य. गाडी जागची हलत नाही आणि डिझेल जातं.

"तुम्ही हे टीओंना का नाही सांगितलं?" मी ओरडलोच.

"सांगतलं असतं तं काय झालं असतं? हे मागचे बाबूवर धावले असते. बाबूनं माहा रिपोर्ट केला असता. मले तं दोघाईले घेऊन रोज यावं लागते."

मी टीओंच्या कॅबिनमध्ये गेलो. "साहेब, बॅटरी द्या. चोरी नाही, इंजिन उभ्याउभ्या जळतं आहे."

"बॅटरी? या महिन्यात? बचत चालू आहे, क्रांतिकारक!"

"मग कॅन टेस्ट घ्या. स्वतः बसा."

कॅन टेस्ट म्हणजे टाकीचा पाइप काढायचा, मोजून भरलेला कॅन ड्रायव्हरजवळ बांधायचा आणि इंजिनाला त्यातूनच डिझेल द्यायचं. चोरीला जागाच नाही. टीओ लगेच तयार झाले. त्यांना वाटलं, आता चोर रंगेहाथ सापडेल. मी एकच अट घातली: गाडी तुमच्या सर्क्युलरप्रमाणे चालवायची. थांबली की इंजिन बंद.

"अर्थात!" टीओ म्हणाले. हा शब्द त्यांना महागात पडला.

दुसऱ्या दिवशी टीओ फिकट निळ्या सफारीत आले. पहिल्या सीटवर बसले. कॅनला त्यांनीच सील लावलं. चढउतार झाली की बस निघावी म्हणून गांधीबागेत आणि बडकस चौकात गॅरेजची चार-चार पोरं धक्क्याला उभी केली होती. महालात आणि त्यापुढे केली नव्हती. मुद्दाम.

गल्लीच्या तोंडाशी नामदेवभाऊंनी स्टॉपरचा दांडा ओढला. इंजिन बंद. एवढी शांतता झाली की गल्लीतली पूजेची घंटी ऐकू आली. यथावकाश खेडकर बाबू आले, टिळा ओला, साहेबांना पाहून ओशाळले, बसले.

नामदेवभाऊंनी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्.

"धक्का मारा रे," टीओ मागे वळून म्हणाले.

कोणी हललं नाही. कोणीतरी बिडी पेटवली.

"ऐकू येत नाही का?"

"येऊन राहिलं, सायेब," शंकर म्हणाला. "पयले पुढचे उतरू द्या."

"स्टाफ धक्का मारत नसतो."

"मंग आमीबी स्टाफ समजा आजच्या दिवस."

"मी तुमची सगळ्यांची हजेरी कापीन!"

"कापा. गाडी इथंच हाय, आमीबी इथंच हाओ. तुमीबी इथंच हा."

टीओंनी घड्याळ पाहिलं. भोंग्याला वर्क्स मॅनेजरबरोबर त्यांची मीटिंग होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅनकडे पाहिलं.

ते उतरले. साहेब उतरल्यावर पुढच्या ओळींना बसून राहणं कठीण झालं. एकेक जण उतरला, स्मशानात उतरावं तसा. शेवटी खेडकर बाबू राहिले. "माझी कंबर आहे," ते म्हणाले.

"कंबर सगळ्याईले हाय, बाबू," शंकर म्हणाला. "नका ढकलू. पन उतरा तं खाली. तेवढंच वजन कमी."

मग मागचे सगळे उतरले, हसत, ओरडत. शंकर साहेबांच्या अगदी शेजारी लागला. जोर कोणी कोणाला लावायला सांगितला, ते मी लिहीत नाही. माझी नोकरी आहे. नामदेवभाऊंनी क्लच सोडला, गाडीने एक हिसका दिला आणि मागच्या नळीतून असा काळा लोट निघाला की टीओंची सफारी फाउंड्रीत शोभली असती.

बर्डीवर तेच. गेटवर नोंदीसाठी थांबली, तिथेही तेच. पण तिथे वर्क्स मॅनेजरची गाडी मागे अडकून पडली होती, आणि त्यांनी काच खाली करून सगळं पाहिलं.

परदेशात म्हणे दोन शक्तींवर चालणाऱ्या गाड्यांचे प्रयोग होतात, इंजिन एकीकडे आणि बॅटरी दुसरीकडे. एका मासिकात वाचलं. आमच्याकडे बॅटरीच्या जागी फाउंड्री होती.

कॅनचं सील टीओंनीच फोडलं. उरलेलं डिझेल मोजलं. पिवळीने निळीला मागे टाकलं होतं.

टीओंनी पुन्हा एकदा मोजलं. मग म्हणाले, "म्हणजे याला चांगली चालवता येते. इतके दिवस मुद्दाम खराब चालवत होता."

"साहेब," मी म्हटलं, "आज तुम्ही ढकलली."

बॅटरी त्याच दिवशी आली. दोन मागण्यांनी जे झालं नाही, ते एका सफारीने केलं. नामदेवभाऊंना किल्ली परत मिळाली, कॅबिनमध्ये, दार लावून. टीओ एवढंच म्हणाले, "जा, घे गाडी." मोहिमेचं प्रमाणपत्रही दिलं गेलं. ते टीओंना मिळालं, पिवळ्या बसचं ॲव्हरेज सुधारल्याबद्दल. फ्रेम करून भिंतीवर लावलं आहे.

यातून गॅरेजवाल्याने शिकायचं ते असं: ॲव्हरेज काढताना इंजिन तपासा, टायर तपासा आणि गाडीत कोण कोणासाठी उतरत नाही तेही तपासा. शेवटचं कुठल्याच डिप्लोमात नाही.

पण माझं काम अजून संपलेलं नाही. बर्डीच्या चहावाल्याकडे नामदेवभाऊंना आजही 'डिझेलवाले' म्हणतात. ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात आणि कप तसाच ठेवून उठतात. दार लावून मागे घेतलेला आरोप दाराबाहेर कोणी ऐकत नाही.

साहेबांचं काय करायचं ते मी बघतो, त्याचं पत्रक तयार आहे. तुमचं बोला. हे वाचणाऱ्यांत पिवळ्या बसने येणारे कोणीतरी असणारच. नागपूर काही एवढं मोठं नाही. तुम्ही पुढे बसत असा की मागे, त्या दिवशी गेटवर हसला होतात. उद्या सकाळी बसमधून उतरलात की सरळ आत जाऊ नका. ड्रायव्हरच्या खिडकीखाली थांबा. भोंगा होऊ द्या. हजेरी कापली गेली तर कापू द्या. आणि दोन्ही शिफ्टना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा की नामदेव बावणेंनी एक थेंबही चोरला नाही.