व्हेरोनाचा उजवा हात

उपासाच्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात विकायला पिरोही, म्हणजे उकडलेल्या करंज्या, व्हायच्या, तेव्हा टेबलाच्या टोकाला व्हेरोना हुदाक बसायची. तिचा उजवा हात सुजून खांबासारखा झालेला. बाही उसवून दुसऱ्या कापडाची पट्टी जोडलेली. डाव्या हातानं ती पारीवर बटाट्याचं सारण ठेवायची. मुरड घालायला मात्र दोन धड हात लागतात, ते काम तिची लेक मार्था करायची. पोलादाच्या भट्टीवर राबणाऱ्यांच्या त्या वस्तीत हाताबद्दल कुणी विचारत नसे, आजाराचं तर नावही घेत नसत.

वीस वर्षांपूर्वी छातीत गाठ लागली, तेव्हा डॉक्टरांनी नवऱ्याची सही घेऊन तिला झोपवलं. कसली गाठ आहे ते बघू, म्हणाले. जागी झाली तर फासळ्यांवर नुसती कातडी. स्तन गेला, खालचा स्नायू गेला, काखेतल्या गाठींसकट सगळं गेलं, आणि त्यापायी हात सुजत गेला. बाईला विचारायची पद्धतच नव्हती हो! "जितकं जास्त काढू, तितकी तू सुरक्षित," डॉक्टर म्हणाले. त्यांना त्यांच्या गुरूनं तसं शिकवलं होतं, आणि गुरूला खरं-खोटं विचारायची कुणाची प्राज्ञा? व्हेरोनानं ते वाक्य घट्ट धरलं. आरशासमोर कपडे बदलताना तिला तेवढाच आधार होता.

मग बत्तिसाव्या वर्षी मार्थाला गाठ लागली. पदरात दोन वर्षांची पोर.

"पिट्सबर्गचे नवे डॉक्टर वेगळं सांगतात," मार्था स्वयंपाकघरात म्हणाली. "स्तन काढायचा, पण स्नायू आणि काख ठेवायची. हात राहीलही माझा, आई. जुनं की नवं, कुणावर काय करायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात आणि मग कोण किती जगतं ते बघतात."

"चिठ्ठ्या? जत्रेतली सोडत आहे का ही?"

"जुन्यानं जास्त बायका वाचतात, हे कुणी नीट मोजलंच नाहीये म्हणे."

"मी बसलेय ना समोर? मला मोज."

मार्था उठून भांडी आवरू लागली. व्हेरोना मात्र थांबेना. रडली, शपथा घातल्या, नातीला पुढे केलं. लेकीवर तिचा जीव होता, खोटं कशाला बोलू. पण थोडक्यात भागत असेल, तर आपला हात कशापायी गेला? हा विचार डोकं वर काढी आणि ती आणखी मोठ्यानं बोले. अखेर मार्था आईच्याच डॉक्टरांकडे गेली.

मार्था वाचली. तिचा डावा हात वर्षभरात सुजला. पोरीला उचलून घेणं सुटलं, मुरड घालणंही सुटलं.

पाच-सहा वर्षांनी टीव्हीवर बातमी आली. जुन्या आणि नव्या, दोन्ही तऱ्हेच्या ऑपरेशनच्या बायका सारख्याच जगत होत्या. जास्त कापून काही जास्त मिळालं नव्हतं. व्हेरोना घरात एकटीच होती. तिनं टीव्ही बंद केला. मग ठरवलं, शुक्रवारी लेकीची माफी मागायची.

शुक्रवारी मायलेकी शेजारी बसल्या, दोघीही आता सारणच ठेवत होत्या. व्हेरोना मनात माफीचे शब्द जुळवत होती. तेवढ्यात इलोना हळूच खुर्ची ओढून जवळ आली. बेकरीवाल्याची सून, नुकतं लग्न झालेली.

"काकू, मला गाठ आहे," ती कुजबुजली. "बातमीत म्हणाले, सगळं काढायची गरज नसते. खरं का?"

व्हेरोनानं चमचा खाली ठेवला. "खरं आहे, पोरी," एवढंच तिला म्हणायचं होतं.

"बातम्यांचं काय घेऊन बसलीस," मार्था आधीच बोलली. तिनं सुजलेला हात टेबलावर ओढून घेतला. "सगळं काढायला सांग. मी बसलेय ना समोर? मला मोज."

इलोनानं मान डोलावली आणि व्हेरोनाकडे पाहिलं. मार्थाही आईकडेच बघत होती, डोळ्याची पापणी न लववता. व्हेरोनानं चमचा उचलला आणि पुढच्या पारीवर सारण ठेवलं.