वाकड्या खांद्याचा शर्ट

बायको मेली आणि आठ महिन्यांत माझे सगळे शर्ट मोठे झाले.

शर्ट वाढत नाहीत, मी आटलो. जिथं पोट होतं तिथं आता नुसता कपडा लोंबतो. कॉलरमध्ये मान अशी दिसते, जशी रांजणात काठी. आमच्या गावात, सौंदडला, पाराजवळ बसणारे रिकामटेकडे म्हणतात, "काऊन गा, मोठ्या भावाचा शर्ट घालून आला का?" मला मोठा भाऊ नाही हे त्यांना माहीत आहे. म्हणूनच म्हणतात.

त्यात भर पडली तेरवीच्या कपड्यांची. आमच्याकडं बायको मेली की तेराव्या दिवशी सासरचे लोक रंडव्याच्या अंगावर नवे कपडे चढवतात. सहा शर्ट आले. सहाही चव्वेचाळीस नंबरचे. प्रत्येकानं माझं जुनं पोट आठवून घेतले होते. साळ्यानं निळा शर्ट माझ्या अंगात घातला, दोन पावलं मागं सरून पाहिलं आणि म्हणाला, "थोडा ढिला आहे, भाऊजी. पन भरान तुमी परत." सख्ख्या बहिणीच्या तेरवीला असं बोलतात का? पण तो तसाच आहे. मीही तसाच आहे, म्हणून राग आला नाही.

मला एकच मुलगी. ती गोंदियाजवळ कुडव्याला राहते आणि घरीच मशीन ठेवून लोकांचे कपडे शिवते. तिच्या पोरीचं, म्हणजे माझ्या नातीचं लग्न ठरलं. मुलीनं फोन केला.

"बाबूजी, लग्नात फोटो निघतीन. व्याही पाहतीन. ते झुली घालून नोका येऊ."

"मंग काय घालू?"

"अंगाबराबर आहे ते घाला. नाई तं नोका येऊ."

"तूच दे ना मंग आवरून. तू तं शिवतेस."

"मी लोकायचे शिवतो," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

ती बोलली म्हणजे करणार. दारातून परत पाठवायलाही कमी करणार नाही. माझीच पोर आहे. आणि मला त्या लग्नाला जायचं होतं. घरात तिघं होतो, एक गेली, एक बोलत नाही. ह्या नातीला मी पाठीवर बसवून बोडीच्या, म्हणजे गावच्या तळ्याच्या, पाळीवर फिरवलं आहे. तिला हळद लागलेली पाहायची होती.

गावच्या शिंप्याकडं गेलो. त्यानं शर्ट उलटा-सुलटा केला. "बुढा, हे काई आवरून होत नाई. याच्यात तुमच्यासारखे दोन बसतीन."

"दुसरं कुठून आनू?" मी म्हणालो. "होतं ते तं मेलं."

तो गप्प झाला. माणसं गप्प झाली की मला बरं वाटतं. पण शर्ट तसाच घेऊन परत यावं लागलं.

माझा उजवा खांदा पडलेला आहे. जवान होतो तेव्हा बोडीची माती कावडीनं वाहिली, धानाचे भारे वाहिले, सगळं त्याच खांद्यावर. डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. बाजारातला कोणताही शर्ट माझ्या अंगावर वाकडाच बसतो. बायको प्रत्येक नवा शर्ट घरी उघडायची. मला शर्ट उलटा घालायला लावायची, शिवणी बाहेर. मग टाचण्या लावायची. पोटाच्या दोन्ही बाजू आवळायची. खांद्यावर जास्तीचा कपडा चिमटीत धरून टाचणी टोचायची. मग शर्ट काढून मशीनवर बसायची, तिथली बाही सोडायची, खांदा छाटायची, बाही परत बसवायची.

एक गोष्ट मात्र मला कधी पटली नाही. टाचणी ती लावायची एका खांद्याला आणि काम करायची दुसऱ्या खांद्यावर. मी म्हणायचो, "बावळट, इकडं टोचली ना टाचनी?" ती म्हणायची, "मले करू द्या, अवो." मी चार लोकांत सांगायचो की हिला डावं-उजवं समजत नाही, शर्ट बसतो तो नशिबानं. लोक हसायचे. तीही कधीकधी हसायची.

आता मुलगी काऊन बोलत नाही ते सांगतो.

गेल्या साली साळ्याच्या पोराचं लग्न होतं. साळा आमंत्रण घेऊन आला होता. शेजारचे दोघं होते. मुलगीही माहेरी आलेली, आत चहाचं पाहत होती. बाकी सगळे सपरीत, म्हणजे ओसरीवर, बसलेले. बायकोनं आतून माझा शर्ट आणला, लग्नासाठी आवरलेला. मी घातला. तो बरोबर बसला होता. खांदा, बगल, पोट, सगळं. मला घातल्याबरोबर समजलं. पण बायकोचं काम चार लोकांपुढं एका फटक्यात पास करायचं नाही, ही आमच्या घरची रीत. माझा बाप मायच्या भाजीला असंच करायचा. पहिला घास घेऊन ताट सरकवायचा, मग तेच खायचा.

"बगलेत धरते," मी म्हणालो. "उसव."

तिनं तिथंच बसून ब्लेडनं उसवला. परत शिवून आणला. मी हात वर केला, खाली केला. "आता पाठीत फुगला. उसव." साळा म्हणाला, "भाऊजी, चांगला तं दिसते." म्हणून मी आणखी ताणलं. ती दुसऱ्यांदा शिवून आली तेव्हा दाराला हात लावून उभी राहिली होती. मी म्हणालो, "कॉलर सरकली." तिसऱ्यांदा आत गेली आणि बऱ्याच वेळानं घेऊन आली. मी घातला. "हां. आता बसला." सगळ्यांनी चहा घेतला.

त्या दिवसांत ती स्वतःचे ब्लाउज आवळत होती. चार वेळा आवळले असतील. मशीनवर दिसले की मी विचारायचो, "काऊन वो, माहे शर्ट सोडून हेच करत बसतेस का?" बाईमाणूस चार वेळा ब्लाउज आवळते म्हणजे अंगातून काही तरी जाऊन राहिलं, हे डोक्यात आलं नाही. डॉक्टरनं पोटातली गाठ सांगितली तेव्हा फार उशीर झाला होता. सव्वा महिन्यात गेली. त्या लग्नाला ती आलीच नव्हती. अंगावर काही बसत नाही म्हणाली. मी एकटाच गेलो आणि शर्टाची तारीफ ऐकून आलो.

तेरवीला मुलगी माझ्यापुढं उभी राहिली. "मरतीले तीनदा उसवाले लावलं तुमी," म्हणाली. तेव्हापासून कामापुरतं बोलते.

तर शिंप्यानं हाकलल्यावर मी बायकोच्या मशीनवर बसलो. चौथीपर्यंत शिकलो आहे, डावं-उजवं तेवढं समजतं, असा माझा भरोसा. साळ्यानं दिलेला निळा शर्ट घेतला. तिच्यासारखाच उलटा घातला. आरशापुढं टाचण्या लावल्या, दोन पोटात घुसल्या. पडलेल्या खांद्यावर चिमटी धरून टोचलं. आणि जिथं टोचलं तिथंच काम केलं. तिची जन्माची चूक मी सुधारून राहिलो, अशा थाटात. टीप वाकडी गेली, दोरा सात वेळा तुटला, सुईनं बोट फुटलं. दोन दिवस लागले.

सुलटा करून अंगात घातला तर चांगला असलेला डावा खांदा दाबला गेलेला, आणि पडलेल्या उजव्यावर कपड्याची पिशवी तशीच. उलट्या शर्टाची उजवी बाही सुलट केल्यावर डावी होते. बायकोला हे पहिल्यापासून माहीत होतं. चाळीस वर्षं मी तिला बावळट म्हणालो.

आरशापुढं किती वेळ उभा होतो माहीत नाही. मग सहाही शर्ट पिशवीत भरले आणि सकाळच्या गाडीनं गोंदियाला आलो. तिथून ऑटोनं कुडवा.

मुलगी नातीच्या ब्लाउजला लेस लावत होती. या, बसा, काही नाही. पिशवीतला निळा शर्ट काढून पाहिला.

"हे कोनं केलं?"

"म्या."

"घाला बरं."

घातला. तिनं पाहिलं आणि हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्यापुढं हसली. मग आत हाक मारली, "अवो पोरी, इकडं ये. आज्याले पाह्य. एक खांदा गोंदियाले चालला, एक बालाघाटले."

नात आली. तोंडावर हात धरला, पण हसू बोटांतून निघतच होतं. "मम्मी, रहने दे ना," म्हणाली आणि आत पळाली.

"काहाडा," मुलगी म्हणाली. "आन उसवा."

"आत्ता?"

"दारात बसा, उजेड आहे. ब्लेड देतो."

दारात बसलो. नाप द्यायला बाया येत होत्या, माझ्या अंगावरून वाकून आत जात होत्या. एकीनं विचारलं, "हे कोन?"

"माहे बाबूजी. शिवनकाम शिकून राह्यले."

दुपारपर्यंत उसवलं. तिला नेऊन दिलं. तिनं शिवणीवर नख फिरवलं. "दोरे राह्यले. फेरून काढा." परत बसलो. डोळ्यांना पाणी येत होतं, ते बारीक दोऱ्यानं. परत नेऊन दिलं. ती पाहायला लागली तसा मी म्हणालो, "तिसऱ्यांदाई सांगतेस का?"

तिनं शर्ट मांडीवर ठेवला. मग मीच बोललो. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

"बाई, तुह्या मायचा तो शर्ट पयल्यांदाच बरोबर होता. मले मालूम होतं."

"मायलेई मालूम होतं."

"मंग उसवला काऊन?"

"तिचा भाऊ बसला होता ना. त्याच्यापुढं तुमी आनखी काई बोलले असते, म्हनून." तिनं सुईत दोरा ओवला. "दोनदा उसवला. तिसऱ्यांदा उसवलाच नाई. आत आली, पाटावर बसली, पानी पेली. मी म्हनलं, मी शिवून देतो. तं म्हने, कायले? इस्त्री फिरव. मी इस्त्री फिरवली आन तोच तिनं तुमाले आनून देल्ला. तुमी काय म्हनलं होतं?"

मी काय म्हणालो होतो ते दोघांनाही माहीत होतं.

"हासली का ती?" मी विचारलं.

"हासाले जीव लागते, बाबूजी."

तिनं मशीन सुरू केलं. टेप लावला नाही, मला उभंही केलं नाही. बाही काढली, खांदा उतरवला, बाही बसवली, दोन्ही बाजू आवळल्या. माझं अंग तिला न पाहता समजत होतं. घालून पाहिलं तर चांगला बसला. पहिल्या फटक्यात बसला. मी लगेच म्हणालो, "बराबर आहे. लय चांगला झाला."

"आता म्हनून काय होते?" ती म्हणाली. शर्ट काढून घेतला, उलटा केला आणि शिवणीच्या आत उरलेला कपडा कैचीनं कापायला लागली.

तिची आई तो कपडा कधी कापत नव्हती. दुमडून हातशिलाईनं आत बसवून ठेवायची. पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत मी वाळायचो आणि धान निघालं की भरायचो. मग ती तीच शिवण थोडी सोडून द्यायची.

"राहू दे ना थोडा," मी म्हणालो.

"कायले? आता तुमी काई भरत नाई." कैची थांबली नाही. दोन्ही बाजूंच्या निळ्या पट्ट्या खाली पडल्या, तिनं पायानं मशीनखाली सारल्या. "एवढाच. लग्नापुरता. बाकीचे पाच घरी नेजा. कोन्त्या खांद्याले काम कराचं ते समजलं ना आता?"

"समजलं."

"मंग झालं."

लग्नात तो शर्ट घातला. दारावर तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत जाऊ दिलं. नातीला हळद लागलेली पाहिली. फोटोत उभं केलं, एकदा. व्याही म्हणाले, "दादाजी, शर्ट एकदम फिट है." मुलगी बाजूलाच होती, तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पंगतीत खाली मांडी घालून बसलो तशी पोटावरची गुंडी ताणली. शिवणीत सोडायला कपडा उरलाच नव्हता. पुऱ्या गरम होत्या आणि सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. दोन खाल्ल्या, दोन ताटाच्या कडेला सारून ठेवल्या. मुलगी वाढत वाढत माझ्यापर्यंत आली. ताटाकडं पाहिलं, गुंडीकडं पाहिलं, आणि बाजूच्या माणसाला वाढायला लागली.