एकशे आठ अक्षता आणि पन्नास काडतुसं

माझ्या नवऱ्याचा जीव मी एकदा जवळजवळ घेतला होता, आणि तोही पंचांग बघून.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही इंग्लंडात, बेसिंगस्टोकजवळच्या एका खेड्यात राहत होतो. हे हॉस्पिटलमध्ये भूल द्यायचे. म्हणजे दिवसभर माणसं झोपवायची आणि झोपवलेली सगळी पुन्हा उठतायत ना, ते बघायचं. इतकं जोखमीचं काम करणाऱ्या माणसाने घरी येऊन गुलाब लावावेत, पोस्टाची तिकिटं चिकटवावीत. यांनी बंदूक घेतली!

दोष विल्कॉक्सचा. हा आमच्यापासून चार मैलांवरचा शेतकरी. त्याच्या हर्नियाच्या ऑपरेशनला यांनी भूल दिली होती, आणि शुद्धीवर येताना तो म्हणे "कोल्हा! कोल्हा!" असं ओरडत उठला. ख्रिसमससाठी पोसलेली त्याची बदकं आणि हंस एक कोल्हा रोज एकेक करून नेत होता. यांना दया आली. पोलिसांचा परवाना झाला, भिंतीत लोखंडी कपाट बसलं, कपाटात रायफल आली. शनिवारी सकाळी हे आणि विल्कॉक्स ओल्या गवतात पालथे पडून राहायचे आणि कोल्हा दुसरीकडून येऊन हंस घेऊन जायचा.

"काडतुसांचा दोष आहे," हे एकदा म्हणाले. "विकतची काडतुसं म्हणजे विकतचा चिवडा. घरच्याची सर नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी घरी करणार."

मला वाटलं, चिवडा!

पंधरा दिवसांत आमची अडगळीची बॉक्स रूम गेली. तिथे टेबलाला एक लांब दांड्याचा दाबयंत्रासारखा सांगाडा बसला, औषधं तोलायचा असावा असा नाजूक काटा आला, आणि एका डब्यात बंदुकीची दारू आली. काम तसं समजायला सोपं. झाडलेली पितळी पुंगळी साफ करून यंत्रात दाबून मूळ मापावर आणायची. तिच्या बुडाशी प्राइमर बसवायचा (दिवाळीतली टिकली असते ना, तिची खमकी थोरली बहीण). मग दारू तोलून आत ओतायची आणि तोंडावर गोळी दाबून बसवायची. झालं काडतूस. मोदक करताना मुखऱ्या कमी-जास्त झाल्या तर कोणी मरत नाही, एवढाच फरक.

"दाणाभर दारू जास्त पडली तर काय होतं हो?" मी विचारलं.

"नळी फुटते."

"आणि कमी पडली तर?"

"ते जास्त वाईट. काडतूस नुसतं 'टुक्' करतं आणि गोळी नळीतच अडकते. ते न कळून वर दुसरी झाडली, की नळी केळ्याच्या सालासारखी सोलून निघते."

"आणि झाडणारा?"

"तोही," हे शांतपणे म्हणाले आणि चहा मागितला.

मी महिनाभर केळं खाल्लं नाही.

त्या दिवसापासून मी भीतीत राहू लागले. पण मी घाबरले की रडत नाही, मी यादी करते. मी बॉक्स रूमच्या दाराशी वाळूच्या दोन बादल्या ठेवल्या आणि पाण्याच्या तीन. काडेपेटी वरच्या मजल्यावर आणायला बंदी केली. उदबत्ती खालच्या देवघरातून हलवून परसात नेली. आणि मोठ्या अक्षरांत सात कलमांची यादी लिहून खोलीत खिळ्याला टांगली. बाजूला दोऱ्याने लाल पेन्सिल बांधली. एकेक काम झालं की त्याच्यापुढे लाल खूण. खूण नसेल तर पुढचं काम नाही.

यांनी यादी वाचली. "शालू, ऑपरेशन थिएटरमध्येसुद्धा इतकी शिस्त नाही गं!"

मला इतका आनंद झाला की मी ते वाक्य डायरीत तारखेसह उतरवून ठेवलं.

सप्टेंबरात सासूबाईंचं पुण्याहून निळं एअरोग्राम आलं. "घरात शस्त्र आल्याचे चिरंजीवांनी कळवले. खंडेनवमीस त्याची यथासांग पूजा करावी. आपल्याकडे शिवणयंत्राचीसुद्धा होते." खाली दोन रेघा मारल्या होत्या. सासूबाईंच्या दोन रेघा म्हणजे हायकोर्ट.

खंडेनवमी आली शुक्रवारी. दुपारी यांनी पन्नास पुंगळ्यांत दारू ओतून त्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत उभ्या केल्या आणि तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला.

"शालू, एका अपेंडिक्सला जाऊन येतो. परत आल्यावर गोळ्या बसवीन. आत आग नेऊ नकोस हं!"

"मी? यादी कोणाची आहे?"

हे गेले. मी अंघोळ करून पैठणी नेसले, तबक घेतलं आणि वर गेले. आधी वाटलं, यांचं एक काम हलकं करून ठेवावं. कलम सहा होतं: 'दारू ओतल्यावर प्रत्येक पुंगळीत टॉर्चने डोकावून बघणे.' मी पन्नासच्या पन्नास पुंगळ्यांत डोकावले. सगळीकडे दारू एकसारखी. मी कलम सहापुढे लाल खूण केली.

आणि मग पूजेला सुरुवात केली!

कपाटाच्या दाराला हळदकुंकू वाहिलं. यंत्राच्या दांड्याला झेंडूची माळ घातली (झेंडू विल्कॉक्सच्या बायकोच्या बागेतला). निरांजनाचा प्रश्नच नव्हता, म्हणून टॉर्चनेच तीनदा ओवाळलं. दारूगोळ्याच्या खोलीत टॉर्चने ओवाळणारी बाई उभ्या इंग्लंडात दुसरी नसेल, या विचाराने मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की मी उरलेली पूजा अगदी मनापासून केली. फुलाने पळीभर पाणी शिंपडलं. आणि लंडनच्या वेम्बलीहून आणलेल्या बासमतीच्या, कुंकवात भिजवलेल्या, मोजून एकशे आठ अक्षता 'जय देवी' म्हणत सगळ्यावर उधळल्या.

सगळ्यावर. म्हणजे तोंडं उघडी ठेवून उभ्या असलेल्या पन्नास पुंगळ्यांवरसुद्धा.

(मला भीती होती ती आगीची. पाण्याला आणि तांदळाला कोण घाबरतं?)

मी टॉर्च घेऊन खाली आले आणि ती सवयीने देवघरात ठेवली. संध्याकाळी हे दमून आले. टॉर्च जागेवर नव्हती, पण कलम सहापुढे माझी खूण होती, म्हणजे अक्षता वाहून झाल्यावर मी तपासलंय असं यांनी धरलं. यांनी पन्नास गोळ्या बसवल्या, कलम सातपुढे खूण केली आणि जेवून झोपले.

दसऱ्याच्या सकाळी सातला विल्कॉक्स आपल्या लँडरोव्हरमधून यांना घेऊन गेला. मी पुरण शिजत टाकून, पुन्हा तीच पैठणी नेसून, सासूबाईंना पत्र लिहायला बसले. मला माझी हुशारी कळवायची घाई होती.

"ती. सौ. आईंना शि. सा. न. वि. वि. काल पूजा यथासांग केली. आगीचा धोका नको म्हणून टॉर्चने ओवाळले. पाणी शिंपडले. अक्षता वाहिल्या..."

पेन थांबलं.

अक्षता वाहिल्या. कशावर?

तशीच वर गेले. टेबलावर, ठोकळ्यावर, गालिच्यावर लाल तांदूळ पडले होते. आणि मी काय केलं असेल? सांगायची लाज वाटते. नवरा तिकडे मरणाच्या दारात उभा, आणि मी खाली बसून तांदूळ मोजले! दोनदा! कारण पहिल्यांदा अठ्ठ्याण्णव आले आणि दुसऱ्यांदा नव्याण्णव.

एकशे आठातून नव्याण्णव गेले, राहिले नऊ. जिथे तांदूळ गेला तिथे पाणीही गेलं असणार. म्हणजे यांनी नेलेल्या पेटीत नऊएक काडतुसं अशी होती, जी 'टुक्' करणार होती.

मी विल्कॉक्सच्या घरी फोन लावला.

"ते वरच्या शेतात गेले, डिअर," त्याची बायको म्हणाली. "काही निरोप आहे का?"

"त्यांना सांगा, गोळी झाडू नका! आत तांदूळ आहे!"

पलीकडून अतिशय प्रेमळ आवाजात, "डिअर, तुम्ही नाश्ता केलात का?"

मी फोन ठेवला आणि आमच्या मॉरिस गाडीची किल्ली उचलली. मी ड्रायव्हिंग टेस्टला तीनदा नापास झाले होते. गाडीवर लाल 'एल'ची पाटी होती, आणि शेजारी लायसन्सवाला माणूस बसल्याशिवाय मला गाडी चालवायची परवानगी नव्हती. लायसन्सवाला माणूस शेतात पालथा पडला होता. मी पुरणाखालचा गॅस बंद केला, तो बंद झाल्याची खात्री केली, आणि निघाले.

चार मैल मी दुसऱ्या गियरमध्ये गेले. तिसरा मला सापडत नव्हता, आणि शोधायला वेळ नव्हता. गाडी किंचाळत होती. मी रामरक्षा म्हणत होते, पण मध्येच ओळी विसरून कलम एकपासून यादीच म्हणायला लागायचे. वळणावर मेंढ्या आल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा हॉर्न वाजवला, आणि तो इतका वेळ वाजवला की मेंढपाळाने टोपी काढली. त्याला वाटलं असावं, कोणीतरी गेलं.

माझ्याही मनात सारखं तेच येत होतं. यांचे हात. माणूस झोपला की त्याची नाडी धरून तासन्‌तास बसणारे ते हात. मी केळ्याचं साल डोळ्यांपुढून हाकलत होते आणि ते पुन्हा येत होतं.

फाटकाशी गाडी बंद पडली (की मी पाडली, ते मला आजही सांगता येत नाही). पैठणीचा काचा मारला, डिकीतले यांचे जुने वेलिंग्टन बूट चढवले आणि चढावर धावत सुटले. वरच्या कुंपणाशी दोन आकृत्या पालथ्या पडल्या होत्या. त्यांच्यापुढे, पन्नास पावलांवर, तो कोल्हा! उघड्यावर, आरामात बसलेला. हंस आकाशपाताळ एक करत होते.

मी बघितलं, तर यांनी रायफलचा बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) मागे ओढला, एक पुंगळी बाहेर उडाली आणि यांनी दुसरं काडतूस आत ढकललं.

"अहो! अहो, थांबा!"

वारा उलटा होता. यांनी गाल रायफलला लावला.

लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि मी यांचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा भीत भीत घेतलेलं.

"माधवऽऽ!"

यांची बोटं जागच्या जागी थिजली. हे वळले. कोल्ह्यानेही वळून बघितलं. विल्कॉक्स म्हणाला, "गुड लॉर्ड."

"झाडू नका! तांदूळ! कलम सहा खोटं आहे!" मी धापा टाकत चिखलात बसले. "पहिल्याचा आवाज झाला होता का?"

"पहिलं फुटलंच नाही," हे म्हणाले. "हंसांच्या गोंगाटात काही ऐकू आलं नाही. नुसतं... " आणि यांचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला. "नुसतं टुक् झालं असेल."

यांनी दुसरं काडतूस बाहेर काढलं. बोल्ट सोडवून बाजूला ठेवला, आणि मागच्या बाजूने नळीतून आकाश बघितलं. मग रायफल माझ्याकडे दिली. मीही बघितलं.

आकाश नव्हतं.

कोल्हा उठला, आळस दिला, एक हंस उचलला आणि गेला.

"मिसेस, ते तांदूळ कशासाठी टाकले होते?" विल्कॉक्सने शेवटी विचारलं.

"सुरक्षिततेसाठी," मी म्हणाले, आणि तिथेच, त्या परक्या माणसासमोर, हुंदके देऊन रडायला लागले. यादी वगैरे काही सुचलं नाही.

हे शेजारी चिखलात बसले. यांचे हात थरथरत होते. भूल देणाऱ्याचे हात थरथरताना मी पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं.

"खुळी आहेस का गं तू?" हे म्हणाले.

"हो."

"आणि गाडी तू चालवत आणलीस? एकटी?"

"दुसऱ्या गियरमध्ये."

"चार मैल?" हे म्हणाले. "गियरबॉक्स गेला असणार." आणि मग आम्ही दोघं असे हसत सुटलो की विल्कॉक्स काळजीने घरी ब्रँडी आणायला गेला.

घरी येऊन यांनी उरलेली एकोणपन्नास काडतुसं एकेक करून उघडली. मी शेजारी वही घेऊन बसले. सात काडतुसांत ओली दारू आणि एकेक लाल तांदूळ निघाला. आठवा तांदूळ त्या अडकलेल्या गोळीमागे असणार, असं आम्ही धरलं. नवव्यासाठी मी पुन्हा खोली झाडायला उठले, तेव्हा यांनी माझ्या अंबाड्यातून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

"हा घे. आता वही बंद कर."

सासूबाईंना मी तेच पत्र पुरं करून पाठवलं: "पूजा फळाला आली. चिरंजीव सुखरूप आहेत." खोटं काहीच नव्हतं त्यात.

यांनी पुढे काडतुसं विकतची वापरली, आणि कोल्हा म्हातारपणाने मेला. पण खंडेनवमी आमच्याकडे आजही होते. हे स्वतः करतात. रायफल कपाटात कुलूपबंद असते आणि तिला कोणी हात लावत नाही. पाटावर मांडलेली असते माझी लाल पेन्सिल. घरातलं सगळ्यात घातक हत्यार म्हणून हे तिलाच हळदकुंकू वाहतात. अक्षता मला मोजून अकरा मिळतात, आणि पूजा झाली की अकराही मोजून परत घेतात.